धुक्यातला फोटो मळकट राखाडी येतो: दोष काचेत, कॅमेऱ्यात की उभं राहण्याच्या जागेत?

डिसेंबर लागला की ही तक्रार ठरलेली. पहाटे कोकणात वाशिष्ठीच्या काठावर किंवा कुडाळजवळ कर्लीच्या कडेला उभं राहावं, डोळ्यांसमोर दुधात बुडालेले माड असावेत, आणि घरी येऊन फोटो उघडला तर भिजलेल्या वर्तमानपत्राचा रंग. मग कुणी महागडी लेन्स घ्यायला सांगतं, कुणी कॉन्ट्रास्टची पट्टी उजवीकडे ओढायला. दोन्हींनी क्वचितच काम होतं, कारण राखाडीपणा चार वेगवेगळ्या वाटांनी येतो: काचेवर धरलेलं दव, कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरची चुकलेली समजूत, चुकीच्या दिशेला रोखलेला कॅमेरा, आणि विषयापर्यंतचं अंतर. चौघांचे फोटो वरवर पाहता सख्खे भाऊ वाटतात. उपाय मात्र पूर्ण वेगळे.

म्हणून आधी चाचणी. चौकटीत दोनेक मीटरवरची एखादी वस्तू येईल असा एक फोटो काढा: होडीचा काठ, जांभ्याचा गडगा, पायाशी उगवलेलं गवत. फोकस त्या वस्तूवरच धरा आणि फोटो शंभर टक्के मोठा करून पाहा. कितीही दाट धुकं असलं तरी दोन मीटरवरच्या वस्तूचं ते फारसं काही बिघडवू शकत नाही. तीच वस्तू पुसट आणि कडेला प्रभा धरल्यासारखी दिसत असेल तर दोष काचेवर आहे. वस्तू लख्ख पण सगळा फोटो संध्याकाळी काढल्यासारखा काळवंडलेला, तर दोष मीटरचा. वस्तूही लख्ख, पांढरंही पांढरं, तरी चित्रात जीव नाही, तर तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात.

काचेवरचं धुकं

हवेतल्या बाष्पाचं पाणी ज्या तापमानाला होऊ लागतं तो दवबिंदू. काच त्याहून थंड झाली की तिच्यावर दव धरणारच, मग लेन्स दहा हजारांची असो की लाखाची.

सगळा दोष एसीवर ढकलायची सवय आहे. पावसाळ्यात ते खरंही आहे. जुलैत किनाऱ्यावरचा दवबिंदू २३ ते २५ अंशांच्या आसपास असतो. २० अंशांच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काच क्षणात आंधळी होते. जानेवारीच्या पहाटे मात्र खोऱ्यातली हवा १५-१६ अंशांची असते आणि खोलीतून आणलेला कॅमेरा तिच्यापेक्षा उबदारच असतो. तेव्हा दव धरायचं कारण निराळं. तिपाईवर उघड्या आभाळाखाली ठेवलेली लेन्स आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि हवेपेक्षाही थंड होते. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीचं टप सकाळी ओलं का असतं, त्याचंच हे उत्तर. म्हणूनच लेन्स सुरुवातीला स्वच्छ असते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी फोटो हळूहळू मऊ पडू लागतात. ते लक्षात येत नाही, कारण समोर धुकं आहेच.

उपाय साधे आहेत. लेन्सहूड कायम लावा. उन्हासाठी नव्हे, काचेला आभाळापासून झाकण्यासाठी. दोन फोटोंच्या मध्ये वेळ जाणार असेल तर टोपण लावा किंवा कॅमेऱ्यावर कापड टाका. दर दहा मिनिटांनी टॉर्चचा उजेड काचेवर तिरका टाकून पाहा. समोरून पाहिलं तर पातळ थर दिसत नाही. तासाहून अधिक थांबायचं असेल तर पॉवर बँकेवर चालणारी पाच व्होल्टची गरम पट्टी लेन्सच्या पुढच्या टोकाभोवती गुंडाळा, फोकसची कडी मोकळी सोडून. काच हवेपेक्षा दोन-तीन अंश उबदार राहिली तरी पुरतं. पट्टी नसेल तर हात शेकायची पुडी जुन्या मोज्यात घालून रबराने बांधली तरी भागतं. फुंकर मारून काच पुसू नका. तोंडातली हवा ओलीच असते.

आणखी एक ठरलेली चूक म्हणजे आंबोलीला पहाट काढायची आणि लगेच खाली वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उतरायचं. वर गारठलेला कॅमेरा खालच्या दमट, उबदार हवेत पिशवीबाहेर काढला की बाहेरूनच नव्हे, आतल्या भिंगांवरही दव येऊ शकतं. वर असतानाच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत हवा दाबून बंद करा आणि खाली आल्यावर अर्धा-पाऊण तास उघडू नका. दव मग पिशवीवर धरेल. आतल्या भिंगावर दव दिसलंच तर लेन्स काढू नका आणि केस सुकवायच्या यंत्राने तापवू नका. सावलीत, हलत्या हवेत ठेवून द्या.

मीटरची समजूत

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. धुकं त्याहून एक ते दीड स्टॉप उजळ असतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). मीटर ते ओढून राखाडीवर आणतं आणि आपण धुक्याला दोष देतो.

अधिक १ स्टॉपच्या भरपाईने (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) सुरुवात करा. चौकट जवळजवळ सगळी पांढरी असेल, एखादी होडी आणि बाकी धुकं, तर अधिक १.३ पर्यंत जा. पोफळीच्या बागेत काळ्या खोडांनी अर्धी चौकट भरली असेल तर ० ते ०.३ पुरे. हिस्टोग्रामचा (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा उजेडाचा आलेख) उंचवटा मध्यापासून उजवीकडे, साधारण तीन-चतुर्थांशाच्या आसपास यावा, उजव्या भिंतीला टेकू नये. तो अरुंद आणि एकाच ठिकाणी गोळा झालेला दिसेल. दिसू दे. धुक्यात खरा काळा रंगच नसतो, तर डावी बाजू रिकामीच राहणार.

पडद्यावर विश्वास ठेवू नका. पहाटेच्या अंधारात कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांना झगझगीत वाटतो, म्हणून माणूस भरपाई कमी करतो आणि घरी आल्यावर फसतो. पडद्याची उजळता खाली आणा, निर्णय हिस्टोग्रामवर सोपवा.

मोबाइलवाल्यांची अडचण वेगळी आहे. फोन स्वतःच धुकं पुसायला बसतो. दृश्य ओळखून सुधारणा करणारी सोय बंद करा, धुक्याच्या उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर वर सरकवा, आणि जमत असेल तर प्रो मोडमध्ये रॉ फाइल, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, घ्या. व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवला तर पहाटेची निळाई आणि कोवळ्या उन्हाची पिवळाई दोन्ही धुऊन निघतात. ५२०० ते ५५०० केल्विनवर कायम करून टाका.

समुद्राकडे पाठ करा

कोकणात सर्वांत जास्त फोटो इथे वाया जातात. किनाऱ्यावर उभं राहिलं की तोंड आपोआप समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे वळतं. संध्याकाळी ते बरोबर. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि समोरचं धुकं भिंतीला चुना मारल्यासारखं सपाट दिसतं.

धुक्याचे थेंब साधारण १० ते २० मायक्रोमीटरचे, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. त्यामुळे ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं. पण विखुरताना बहुतेक प्रकाश पुढच्याच दिशेला जातो. म्हणजे सूर्य समोर असेल तर धुकं आतून पेटल्यासारखं उजळतं, झाडं काळी पडतात, एकामागे एक पडदे सुटे होतात. सूर्य पाठीशी गेला की हाच खेळ मोडतो.

तेव्हा पूर्वेकडे, त्यातही आग्नेयेकडे तोंड करा. डिसेंबरच्या अखेरीस कोकणात सूर्य नेमक्या पूर्वेपासून सुमारे २४ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो फरक १४ अंशांवर येतो. जागा आदल्या संध्याकाळी होकायंत्राने पाहून ठेवा. शिवाय मध्ये सह्याद्री आहे. पंचांगातली सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते. किनाऱ्यावर सूर्य पाच-दहा मिनिटं उशिरा दिसतो, पण डोंगराच्या पायथ्याशी टेकलेल्या गावांत अर्धा तासही लागतो. तेवढ्या वेळात कंटाळून तिपाई आवरणारे पुष्कळ.

किरणांचे झोत हवे असतील तर सूर्य क्षितिजापासून ५ ते १५ अंशांवर असताना आंब्याच्या कलमांत किंवा सुरूच्या बनात शिरा आणि एखाद्या खोडाच्या सावलीत उभे राहा, सूर्य खोडाआड जाईल असे. अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११. पाऊल इकडेतिकडे झालं की झोत नाहीसे होतात. शब्दशः एका पावलाचा प्रश्न आहे.

पश्चिमेकडे पाहायचं एकच चांगलं निमित्त: धुकं विरळ होत असताना पाठीशी ऊन आलं तर आपल्या सावलीच्या डोक्याभोवती सुमारे ४० अंशांवर पांढरं धनुष्य उमटू शकतं. इंद्रधनुष्याचाच हा भाऊ, फक्त बिनरंगाचा. वाइड लेन्सशिवाय चौकटीत मावत नाही.

अंतराचं गणित

हा भाग सोडून पुढे जाऊ नका, कारण दिशा आणि एक्स्पोजर बरोबर असूनही चित्र मेलेलं वाटतं ते बहुधा यामुळे.

धुक्यात वस्तूचा कॉन्ट्रास्ट अंतराबरोबर सरळ रेषेत कमी होत नाही, भराभर कोसळतो. समजा दृश्यमानता २०० मीटर आहे, म्हणजे त्यापलीकडचं झाड अजिबात ओळखू येत नाही. ५० मीटरवरच्या माडाचा कॉन्ट्रास्ट मूळच्या ३८ टक्के उरतो. १०० मीटरवर फक्त १४ टक्के. १५० मीटरवर ५ टक्के, म्हणजे जवळजवळ गेलाच. लोक काय करतात? दिसतंय म्हणून १५० मीटरवरचं देऊळ टेलीने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, ओढतात. टेली देऊळ मोठं करते, मधली हवा कमी करत नाही.

नियम असा ठेवा: मुख्य विषय दृश्यमानतेच्या चौथाई अंतराच्या आत, दुसरा थर अर्ध्यावर, तिसरा पाऊण अंतरावर नुसता आभास म्हणून. दृश्यमानता मोजायला रस्त्याकडेचे विजेचे खांब उत्तम. दोन खांबांमधलं अंतर एकदा पावलांनी मोजून घ्या, मग शेवटचा दिसणारा खांब कितवा ते बघा. हवामान खात्याच्या वर्गवारीत १००० मीटरच्या आत धुकं, २०० च्या आत दाट आणि ५० च्या आत अतिदाट. अतिदाट धुक्यात नियमाप्रमाणे विषय १२ मीटरच्या आत हवा. तिथे मोठं दृश्य विसरा आणि कोळ्याच्या जाळ्यावरचे थेंब, वल्हं, कुंपणाचं बेडं असं काही शोधा.

पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) इथे फुकटचा दीड-दोन स्टॉप खातो आणि धुकं कापत नाही. ओल्या पानांची चकाकी घालवायची असेल तरच लावा. फ्लॅश तर नकोच, जवळच्या थेंबांवरून उजेड परतून चौकटीत पांढरे ठिपके पडतात.

फोकस भटकतो

ऑटोफोकसला कडा लागतात, धुक्यात कडा नसतात, म्हणून लेन्स पुढे-मागे घरघरत राहते. एकच बिंदू निवडून तो खोड आणि धुकं यांच्या सीमेवर ठेवा. नाही जमलं तर हाताने: पडद्यावर दहापट मोठं करून जवळच्या गडद वस्तूवर लावा आणि कडीला हात लावू नका. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स एफ/८ ला अडीच मीटरवर लावली तर सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. ५० मिमीला फोकसचं हे अंतर साडेदहा मीटर.

पहाटे गेलो, धुकंच नव्हतं

"थंडी कडाक्याची म्हणजे धुकं पक्कं" हा समज सोडून द्या. उत्तरेकडून कोरडी हवा आली की पारा खाली जातो, पण हवेत बाष्पच नसतं. खोऱ्यातल्या धुक्याला चार गोष्टी लागतात: निरभ्र रात्र, ओली जमीन किंवा जवळ पाणी, लांब रात्र, आणि मंद वारा. मंद म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. हवा पूर्ण थांबली तर बाष्प जमिनीवर दव होऊन बसतं आणि गवत ओलं, हवा स्वच्छ अशी सकाळ मिळते. थोडीशी हालचाल थंडावा वर पसरवते. ताशी दहा किलोमीटरच्या वर वारा गेला की मात्र वरची कोरडी हवा मिसळून सगळं मोडतं.

रात्री नऊला हवामानाच्या अ‍ॅपवर तापमान आणि दवबिंदू शेजारी शेजारी पाहा. फरक तीन अंशांच्या आत, आभाळ मोकळं आणि वारा ताशी आठच्या खाली असेल तर गजर लावा. अवकाळी पाऊस पडून आभाळ उघडलं, तर त्या रात्रीनंतरची सकाळ सहसा चुकवू नये. आंबा बागायतदार तीच सकाळ कपाळाला हात लावून पाहत असतो, कारण मोहरावर धुकं म्हणजे भुरी रोगाला आमंत्रण. बागेत शिरण्यापूर्वी विचारावं आणि फवारणी झाली असेल तर शिरू नये.

जागा निवडताना थंड हवा पाण्यासारखी वाहते एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. रात्री ती सह्याद्रीच्या उतारावरून घरंगळत खोऱ्यांत साठते. म्हणून खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरचा शास्त्री-सोनवी संगम, महाडजवळची सावित्री या जागा उघड्या पुळणीपेक्षा भरवशाच्या. वाशिष्ठीत कोयना प्रकल्पाचं अवजल (वीज तयार करून सोडलेलं पाणी) येत असल्याने भर हिवाळ्यातही पाणी भरपूर असतं; थंड हवा त्यावर आली की पाण्यातून वाफ उठल्यासारखे लोट निघतात. पहाटेचे मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे) वारे हे धुकं खाडीच्या तोंडाकडे ढकलतात, पण समुद्राचं पाणी उबदार असल्याने तिथे ते विरघळतं. पुळणीवर उभं राहून वाट पाहणाऱ्याला म्हणूनच बऱ्याचदा काहीच मिळत नाही. पाच-सात किलोमीटर आत, खाडीच्या वळणावर जा.

धुकं सूर्योदयाच्या आगेमागे सर्वांत दाट असतं. उन्हाची पहिली ढवळाढवळ कधीकधी ते आणखी वाढवते. मग कडांकडून विरत जातं, नदीचा मधला पट्टा शेवटी. आठला पोचणाऱ्याला शेपूट मिळतं.

आणि सगळं पांढरं ते धुकं नव्हे. फेब्रुवारीनंतर भाजावळ (पेरणीआधी शेतजमीन भाजणं) सुरू झाली, किंवा बागेतला पातेरा पेटवला, की धूर पहाटेच्या थंड थरात अडकून हुबेहूब धुक्यासारखा पसरतो. फोटोत तो तपकिरी-निळसर येतो, कितीही भरपाई दिली तरी. वास घ्या, किंवा गवताला हात लावा.

वरून पाहायचं असेल तर

खोऱ्यातल्या धुक्याची जाडी बहुधा पन्नास ते दोनशे मीटर. आत उभं राहून काही दिसत नसेल तर चढ शोधा. चिपळूणजवळ परशुरामाच्या डोंगरावरून वाशिष्ठीचं खोरं पायाशी येतं. मात्र घाटातल्या वळणावर गाडी थांबवू नका. मागच्या ट्रकलाही तुमच्याएवढंच दिसतंय. वरून पाहताना भरपाई ०.७ पुरते. धुक्याचा प्रवाह गुळगुळीत हवा असेल तर उजाडल्यावर सहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) लावा: १/३० सेकंदाचे दोन सेकंद होतात.

आंबोलीचं पावसाळी धुकं ही वेगळीच जात. सुमारे ७०० मीटर उंचीवर तुम्ही प्रत्यक्ष ढगातच उभे असता. वर सांगितलेलं दवबिंदूचं आणि वाऱ्याचं गणित तिथे लागू नाही, वाराच तो ढग आणतो. तिथे चौकट बांधून ठेवायची, दोन ढगांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात फोटो घ्यायचा, आणि काच दर फोटोआधी पुसायची.

संगणकावर

फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधली डीहेझची (धुकं कमी करणारी) पट्टी उजवीकडे नेली की धुकं जातं आणि उरतो मातकट फोटो. ती शून्यावर ठेवा, वाटल्यास उणे पाचवर. फक्त जवळच्या खोडाचा काळा ५ ते १० टक्क्यांवर आणा आणि धुक्याचा सर्वांत उजळ भाग ८५ ते ९० टक्क्यांवर. मधल्याला हात कमीत कमी.

आभाळात पायऱ्या पडल्यासारखे पट्टे दिसत असतील तर ते आठ बिटच्या जेपेगमधून ओढाताण केल्यामुळे. रॉमधून सोळा बिटमध्ये काम करा, शेवटी किंचित दाणा मिसळा. करडे गोल डाग दिसत असतील तर ती सेन्सरवरची धूळ. एरवी लपते, सपाट धुक्यात उघडी पडते, एफ/१६ ला तर फारच. एफ/८ वर या आणि खाडीच्या वाऱ्यात लेन्स बदलणं थांबवा.

घरी आल्यावर कॅमेरा थेट पिशवीत कोंबू नका. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरचा खार पुसा, मग कोरड्याने, आणि तासभर पंख्याखाली उघडा ठेवा. नंतर डबा आणि सिलिका जेल, आत ४० ते ५० टक्के आर्द्रता. नारिंगी दाणे घ्या, ते हिरवे पडले की मंद आचेवर पुन्हा नारिंगी होईपर्यंत तापवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. ते स्वयंपाकाच्या कढईत घालू नका.